सेरेब्रल पाल्सी : मुलीचं चालणं सुधारण्यासाठी नाशिकमध्ये नक्की काय करावं?

चिऊची_आई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. सातव्या महिन्यात झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. नंतर सेरेब्रल पाल्सीचं (सीपी, मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारी अडचण) निदान झालं, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय ताठर. हात छान चालतात, बोलते तर अखंड, बालवाडीतली गाणी हातवाऱ्यांसकट पाठ आहेत. अडतंय ते पायांचं. उभी राहिली की टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात, पाऊल टाकताना एक पाय दुसऱ्यात अडकतो. भिंत धरून सरकते आणि घरातल्या घरात वॉकर घेऊन चालते.

रोज संध्याकाळी तिला इंदिरानगरहून कॉलेज रोडला थेरपीला नेते. जवळपास सगळा वेळ गादीवर झोपवून पाय ताणण्यात जातो, शेवटी थोडा वेळ उभं करतात. ती रडते, मीही दाराबाहेर रडवेली होते. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट असते, त्यामुळे नेणं-आणणं माझ्याकडेच. आता नात्यातल्या एकांनी दुसऱ्या शहरातल्या स्टेम सेलच्या (मूळपेशी शरीरात सोडण्याच्या उपचाराच्या) पॅकेजचं सुचवलंय. रक्कम ऐकून दागिने मोडावे लागतील असं दिसतंय, पण तिच्यासाठी तेही करू.

तिच्या चालण्यात खरा फरक कशाने पडेल? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

फिजिओ_मखमलाबाद
ताई, दागिने कपाटात राहू द्या. पॅकेजचं नंतर बोलू, आधी चालण्याचं.

मी लहान मुलांचा फिजिओ आहे. मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण तुमच्या वर्णनावरून बरंच सांगता येतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूच्या आतल्या पोकळ्यांलगतच्या भागाला इजा होऊ शकते आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट तिथूनच जाते. म्हणून हात बरे आणि पाय ताठर, असं चित्र दिसतं. ही इजा पुढे वाढत नाही. मात्र मूल वाढतं, हाडं लांब होतात, ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत आणि अंगात ताकद मुळातच कमी असते. आपली सगळी लढाई या दुसऱ्या भागाशी आहे.

जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची एक वर्गवारी आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी ती १९९७ मध्ये मांडली. पहिल्या पातळीचं मूल कुठेही आधाराशिवाय चालतं, दुसऱ्या पातळीचं चालतं पण लांब अंतर, खडबडीत रस्ता, जिने जड जातात. तिसऱ्या पातळीला हातात वॉकर किंवा कुबड्या लागतात. चौथ्या-पाचव्या पातळीला बहुतेक वेळ चाकाची खुर्ची. तुमची मुलगी वाचून तरी तिसऱ्या पातळीवर वाटते. तुमच्या थेरपिस्टना नेमकी पातळी विचारा. ती कळली की काय मागायचं आणि कशामागे धावायचं नाही, हे दोन्ही कळतं.

आता गादीबद्दल. हाताने काही मिनिटं पाय ताणल्याने स्नायू लांबतो असं आजवरच्या अभ्यासांत ठोस दिसलेलं नाही. चालणं सुधारतं ते चालण्याच्या सरावाने. २०२२ मध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली, त्यांचा गाभा हाच आहे: ध्येय मुलाने आणि घरच्यांनी ठरवायचं, ते काम तुकडे न करता अख्खं करायचं, जिथे ते रोज करावं लागतं तिथेच करायचं आणि भरपूर करायचं. मूल निजलेलं आणि थेरपिस्ट घामाघूम, अशा थेरपीत मूल काहीच शिकत नाही. घाम मुलाला आला पाहिजे.

दोन प्रश्न. दोन वर्षांची व्हायच्या आत ती आधाराशिवाय बसत होती का? आणि खुब्यांचा एक्सरे शेवटचा कधी काढला?

पंचवटीची_आजी
बाळ, आमच्या वेळी अशा लेकरांना तीळतेलाने चोळत. माझ्या नातवालाही मी रोज कोमट तेल लावते, तो उजव्या बाजूने अधू आहे. हे चालू ठेवू का बंद करू? सूनबाई म्हणते काही उपयोग नाही.

फिजिओ_मखमलाबाद
आजी, खुशाल लावा. लेकरू निवांत होतं, झोप छान लागते, तुमचा हात लागतो. फक्त जोराने ओढाताण नको आणि तेल लावलं म्हणजे व्यायाम झाला असं धरू नका. तेलानंतर त्याला दोन्ही हातांनी डबा उघडायला, चेंडू झेलायला लावा.

चिऊची_आई
सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. दोन वर्षांच्या सुमारास बसायला लागली, पाट दिला तर अजून छान बसते. एक्सरे कधीच काढला नाही, कुणी सांगितलंच नाही.

ध्येयाचं विचाराल तर तिनेच ठरवलंय. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मी तिला कडेवर नेते. बाकीची पोरं रांगेत चालत जातात. तिला त्या रांगेत चालायचंय.

फिजिओ_मखमलाबाद
यापेक्षा चांगलं ध्येय मी सुचवू शकलो नसतो.

आधी एक्सरे. सीपीच्या मुलांपैकी साधारण तिघांतल्या एकाचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या अभ्यासात तिसऱ्या पातळीच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्के होतं, पाचव्या पातळीत ९०. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. दुखायला लागतं तोवर मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते. साधा कमरेचा एक्सरे, पाय सरळ ठेवून, गुडघ्याच्या वाट्या वर. मुलांच्या ऑर्थोपेडिककडून त्यावर किती टक्के खुबा बाहेर आहे ते मोजून घ्या. ३० टक्क्यांच्या वर असेल तर ताबडतोब पुढचा सल्ला. दर किती महिन्यांनी परत काढायचा तेही तेच ठरवतील.

आता फाटक ते वर्ग. शाळेत जाऊन ते अंतर पावलांनी मोजा. वाटेत काय आहे ते बघा: पेव्हर ब्लॉक, उंबरा, एखादी पायरी, उतार. वॉकर कोणता आहे? पुढे ढकलायचा असेल तर मूल त्यावर ओणवं होतं. मागून ओढत न्यायचा वॉकर मिळतो, त्याने अंग जास्त ताठ राहतं. तो वापरून बघायला मागा, लगेच विकत घेऊ नका.

मग रोज त्याच वाटेचा सराव. आधी रिकाम्या शाळेत, मग दप्तर घेऊन, मग एका मैत्रिणीबरोबर, मग घंटा झाल्यावरच्या गर्दीत. पहिल्या आठवड्यात अर्धीच वाट चालली आणि उरलेली कडेवर गेली तरी चालेल. घरी ताकदीसाठी एकच गोष्ट मन लावून करा. गुडघा काटकोनात येईल एवढ्या उंच स्टुलावर तिला बसवायचं, पाऊल पूर्ण टेकवायचं आणि हात न धरता उठायला लावायचं. उठताना समोरच्या भिंतीवर एक स्टिकर चिकटवू द्या. जमायला लागलं की दप्तरात पुस्तकं घालून तेच. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो अशी जुनी भीती होती, अभ्यासांत तसं काही आढळलं नाही. जिना धरून चढणं, तीनचाकी सायकल, हेही धरा.

फरक बघायचा तर रोज व्हिडिओ काढू नका. तिचे बूट बघा. आत्ता तळव्याचा पुढचा भाग, अंगठ्याखाली, झिजलेला असेल आणि टाच कोरी असेल. टाच झिजायला लागली की काम होतंय.

निफाडचा_बाप
ताई, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, तोही डायप्लेजिया. आमचा अनुभव लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही.

तो पाच वर्षांचा असताना एका शहरातल्या डॉक्टरांनी टाचेची नस ढिली करायचं ऑपरेशन केलं. फक्त टाचेचंच. टाचा टेकल्या, आम्ही खूश झालो. पण दहाव्या वर्षापासून तो गुडघ्यात वाकून चालायला लागला. उंची वाढली, वजन वाढलं, तसा जास्तच वाकला. थोडं चाललं की मांड्या भरून येत. शेवटी मुंबईला चालण्याची कॅमेऱ्याने तपासणी झाली तेव्हा कळलं की मांडीमागचे आणि खुब्याचे स्नायू आखडलेलेच होते, फक्त टाच सोडवल्याने पोटरी कमजोर पडली आणि सगळा भार गुडघ्यावर आला. मग आखडलेल्या सगळ्या ठिकाणी एकाच वेळी शस्त्रक्रिया केली. नंतरचं वर्ष फार कष्टाचं गेलं. ऑपरेशननंतर मूल आधी कमजोर होतं, त्याची तयारी ठेवा. एसटीने निफाड-नाशिक, फिजिओ, परत. मी द्राक्षाचा शेतकरी, छाटणीच्या दिवसांत बायको एकटी न्यायची. आता तो कोपरकुबड्यांवर सरळ उभा राहून चालतो.

कुणी घाईने एकाच जागचं ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या.

फिजिओ_मखमलाबाद
दादांनी लिहिलंय ते प्रत्येक पालकाने वाचावं. डायप्लेजियात लहान वयात नुसती टाच ढिली करणं धोक्याचं, हे आता सर्वमान्य आहे. शक्य तेवढं ऑपरेशन पुढे ढकलायचं आणि करायचं तेव्हा खुबा, गुडघा, घोटा सगळ्यांचा एकत्र विचार करून एकदाच करायचं.

तोवर बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) आणि प्लास्टर यांची मदत होते. पोटरीत बोटॉक्स दिलं की काही दिवसांत ताठरपणा उतरतो आणि परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. त्या काळात सराव वाढवला तरच पैसे वसूल. स्नायू ताठर नसून आखडून खरोखरच आखूड झाला असेल तर बोटॉक्स काम करत नाही, तिथे आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायची प्लास्टरं लागतात. या दोन्हींतला फरक तपासूनच कळतो, म्हणून सरसकट बोटॉक्स मागू नका.

वाट_आपली_आपली
मी स्वतः सीपी आहे. वय २९, डायप्लेजिया, नाशिक रोडला राहते, बँकेत नोकरी. इथे सगळे आई-बाप बोलताहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्या आईने मला चालवण्यासाठी जिवाचं रान केलं, त्याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे. शाखेत मी कुबड्यांवर वावरते, त्यामुळे कॅश काउंटरपासून लॉकरपर्यंत कुणाची वाट बघावी लागत नाही. पण स्टेशनवर, मॉलमध्ये, गणपती बघायला मी चाकाची खुर्ची वापरते. आमच्या चालण्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. कॉलेजात असताना मी सगळीकडे चालतच जायची आणि वर्गात पोहोचल्यावर पहिला तास डोळे मिटून बसायची. शिकायला आलेली मी, शक्ती जिन्यातच संपायची.

चिऊला शाळेच्या रांगेत जरूर चालू द्या. पण सहलीला, जत्रेला खुर्ची न्या. तिला तिथे खेळायला दम शिल्लक राहू द्या. आणि तिच्यासमोर "कधी चालणार" हे शब्द रोज बोलू नका. आम्हाला सगळं ऐकू येतं.

निफाडचा_बाप
ताई, तुमचा आदर ठेवून बोलतो. खुर्ची लवकर दिली की पोरं चालायचं सोडतात असं आम्हाला तीन ठिकाणी सांगितलं. म्हणून आम्ही दहा वर्षं घरात खुर्ची येऊ दिली नाही.

वाट_आपली_आपली
दादा, ही भीती मला कळते. पण खुर्चीमुळे चालण्याची प्रगती थांबते याला पुरावा नाही. थकवा आणि वेदना यांनी मात्र चालणं सुटतं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी विशीत गुडघेदुखीने चालणं पूर्ण सोडलं. मुलाला विचारा, बैलपोळ्याला गावभर फिरायला त्याला काय आवडेल.

निफाडचा_बाप
विचारतो. खरंच कधी विचारलं नाही.

सुरगाण्याची_आशा
मी सुरगाणा तालुक्यात आशा सेविका आहे. शहरातलं वाचून छान वाटलं, पण आमच्या पाड्यांवर आठ-आठ वर्षांची लेकरं आयांच्या कडेवर असतात. रोज थेरपी परवडत नाही आणि बसही रोज नसते. अशा आयांना मी काय सांगू?

फिजिओ_मखमलाबाद
ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे.

आरबीएसकेच्या पथकाकडून मुलाची नोंद करून घ्या. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक लहान मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, त्यासाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. तिथून घरी करायचे व्यायाम लिहून किंवा मोबाईलवर चित्रित करून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी दाखवायला न्या. रोज नेण्यापेक्षा रोज घरी करणं जास्त उपयोगी.

घरी अंगणात दोन बांबू समांतर, आडवे, मुलाच्या कमरेच्या उंचीवर खांबांना घट्ट बांधा. मधलं अंतर एवढंच की दोन्ही हात पोहोचतील. मूल त्यात उभं राहील, पुढे-मागे, आडवं चालेल. एका टोकाला भावंडं, दुसऱ्या टोकाला आई. शहरातल्या सेंटरमधल्या पॅरलल बारचं काम हेच. आणि त्या आईला पहिल्यांदा हे सांगा की कडेवर घेताना मुलाचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्यायचे, कात्री होऊ द्यायची नाही.

कागदपत्र_मदत
कागदांचं मी लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के किंवा त्यावर प्रमाणपत्र मिळालं की बहुतेक सवलती लागू होतात. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. एसटीत मुलाला सवलत मिळते, दिव्यांगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना सीपीसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. वॉकर, खुर्ची यासाठी केंद्राच्या एडिप योजनेची शिबिरं होतात, साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. मापात बसत नसेल तर घेऊ नका, बदलून मागा. जुनी करपद्धत निवडली असेल तर पालकांना दिव्यांग मुलासाठी प्राप्तिकरात वजावट आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी), ७५ हजार, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख.

गोदाकाठ
स्टेम सेलला सरसकट नाही म्हणू नका. माझ्या मावसभावाच्या मुलाला दिलं, सहा महिन्यांत तो उभा राहिला. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

फिजिओ_मखमलाबाद
तुम्ही पाहिलंत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न एवढाच की तो कशामुळे उभा राहिला. अशा पॅकेजमध्ये रोजची भरपूर थेरपी असतेच. शिवाय ही मुलं पहिल्या काही वर्षांत आपोआपही पुढे सरकतात. कॅनडातल्या ओंटारिओत ६५७ मुलांचा अभ्यास झाला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या पातळीची मुलं आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत साधारण पावणेपाच वर्षांच्या सुमारास पोहोचतात, तिसऱ्या पातळीची त्याच्याही आधी. म्हणजे याच वयात काहीही केलं तरी त्याला श्रेय मिळतं.

मुलांना बंद टाकीत बसवून ऑक्सिजन द्यायच्या उपचाराचंही असंच झालं. क्वेबेकमध्ये १११ मुलांवर चाचणी घेतली, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००१ ला आली. निम्म्या मुलांना दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा. सुधारणा दोन्हीकडे सारखीच. म्हणजे शुद्ध ऑक्सिजनचा वेगळा फायदा दिसला नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा अजून प्रयोग आहे. तो नोंदणी केलेल्या चाचणीतच करायचा आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. जो पैसे मागतो, तो उपचार विकतोय. तुमच्या नातेवाइकांचा हेतू चांगला आहे, ताई. पण ते पैसे चिऊच्या स्प्लिंट (पाऊल-घोट्याला आधार देणारे साचे), बूट, वॉकर आणि पुढे कधी लागलंच तर शस्त्रक्रियेसाठी ठेवा. स्प्लिंट दरवर्षी बदलावे लागतात, पाय वाढतो.

सातपूरचा_मामा
माझ्या भाचीसाठी विचारतो. पुण्या-मुंबईत रोबोटवर चालवतात म्हणे, तिकडे महिनाभर राहावं का?

फिजिओ_मखमलाबाद
तेवढेच तास साध्या पद्धतीने चालवलं तर रोबोट त्यापेक्षा सरस ठरल्याचं दिसत नाही. महिनाभर घर सोडून राहायचा खर्च करण्याआधी मुलीला सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आधाराने चालवा. गर्दी असेल, ती बघून मुलं जास्त चालतात.

चिऊची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सरे काढला. उजवा खुबा २२ टक्के, डावा १८. डॉक्टर म्हणाले सध्या काळजी नाही, नजर ठेवू, सहा महिन्यांनी परत या. थेरपिस्टशी बोलले. त्या म्हणाल्या, बऱ्याच पालकांना ताणणं बंद केलं की थेरपी कमी केली असं वाटतं, म्हणून त्या करतात. आता आठवड्यातून दोन दिवस त्या शाळेतच येणार आहेत, मुख्याध्यापक बाईंनी परवानगी दिली. मिस्टरांनी शिफ्टच्या आधी जिन्याचा सराव स्वतःकडे घेतला. नातेवाइकांना पॅकेजला नकार कळवला, थोडं वाईट वाटून घेतलं त्यांनी.

@वाट_आपली_आपली, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही लागली. तुम्ही कधी भेटाल का चिऊला? तिने तिच्यासारखं मोठं माणूस कधी पाहिलेलंच नाही.

शेवटचा प्रश्न : नवीन स्प्लिंट आलेत. ते घालून तिचे कुठलेच बूट पायात जात नाहीत आणि संध्याकाळी काढले की घोट्यावर लाल होतं. घालायचे किती वेळ?

वाट_आपली_आपली
नक्की भेटू. रविवारी मोकळी असते. मेसेज करते.

फिजिओ_मखमलाबाद
२२ आणि १८ ऐकून बरं वाटलं, पण सहा महिन्यांचा एक्सरे चुकवू नका.

बूट एक नंबर मोठे, तोंड खालपर्यंत उघडणारे, वेल्क्रोचे. आतली गादी काढून टाका म्हणजे जागा होते. दुकानात स्प्लिंट घालूनच न्या. आत सुती मोजा, घडी पडू देऊ नका, नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी मोजा बदला. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत शाळेच्या वेळेपर्यंत. काढल्यावर लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली किंवा फोड दिसला तर घालणं थांबवून ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे परत न्या, गरम करून तेवढीच जागा बाहेर काढून देतात, त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. घरी संध्याकाळी थोडा वेळ अनवाणी राहू द्या, तळव्याला जमीन कळली पाहिजे.

चिऊची_आई
लाली अर्ध्या तासानंतरही होती. उद्या सकाळी आधी स्प्लिंटवाल्यांकडे, मग बूट.